अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, मी हिशेबनीस आहे आणि पुढच्या वर्षी मला 58 पूर्ण होतील. गेल्या आठवड्यात रेच्यावर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावर, काम करणारा एक जुना कामगार, केसांत आणि भुवयांत रुईचे तंतू तसेच घेऊन, माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "दिवाणजी, माह्या पेन्शनीचं किती बसते जी?" मी पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार 10,500 रुपये, त्याला सेवेच्या 14 वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. उत्तर आले 2,100 रुपये. त्याने तो आकडा दोनदा वाचला आणि विचारले, "महिन्याचेच ना?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे, कारण त्याच सूत्राने माझाही आकडा निघतो आणि तोही काही फार मोठा नाही. आमची पेन्शन ज्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळते, तिच्यात हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा 15,000 रुपये असल्यामुळे, त्या पगारावर 35 वर्षे सलग नोकरी केलेल्या माणसाचाही हिशेब साडेसात हजारांच्या आसपास थांबतो. आमच्याकडे सलग नोकरी कुणाची असते? हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, उन्हाळ्यात रेचे थांबतात आणि उरलेले महिने माणूस शेतात किंवा मिळेल त्या मजुरीवर काढतो. किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली. तेव्हापासून औषधे, तेल, डाळ सगळेच महागले, पण तो हजाराचा आकडा जागचा हलला नाही, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच जोडलेला नाही. किमान साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता, ही निवृत्तांची मागणी मला रास्त वाटते. बुलढाण्यात त्यासाठी साखळी उपोषणाला बसलेली माणसे माझ्याच वयाची किंवा माझ्याहून मोठी आहेत.

यार्डात कापूस निवडणाऱ्या बाया तर या हिशेबातही नाहीत. त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत, भविष्यनिर्वाह निधीचे खाते कुणाचेच नाही. अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली आणि श्रमयोगी मानधन योजना 2019 मध्ये; दोन्हींत प्रवेशाचे वय 18 ते 40. ज्यांच्या गुडघ्यांना म्हातारपण आधीच लागले होते, नेमके तेच दाराबाहेर राहिले. त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार उरतात, तेही 65 नंतर आणि वर्षाला 21,000 च्या आतील उत्पन्नाचा दाखला मिळाला तर.

"शेती आहे ना" असे सांगणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो की दोन एकर कोरडवाहूचा जमाखर्च एकदा स्वतः मांडून पाहावा. सोयाबीनचे बियाणे, फवारणी आणि सोंगणी वजा जाता जे उरते, त्यात घर चालवणे कठीण आहे, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेण्याचे वय आता आमचे राहिलेले नाही. मुलांवर भार टाकावा म्हटले, तर माझा मुलगा पुण्यात खोलीचे भाडे भरून महिनाअखेरीस कसाबसा तग धरतो.

किमान पेन्शन महागाईशी जोडावी आणि चाळिशी ओलांडलेल्या मजुरांसाठी, सरकारचा वाटा अधिक ठेवून, वेगळी योजना काढावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तो कामगार माझ्याकडचा कागद घडी घालून खिशात ठेवून गेला आणि जाता जाता यंदा रात्रपाळीलाही नाव लिहायला सांगून गेला. तो 57 वर्षांचा आहे. मी नाव लिहिले.