पाण्यातला विरोळा हे नागाचं पिल्लू नाही

भातखाचरातल्या सापाचा एक व्हिडिओ सध्या ग्रुपवर फिरतोय. सोबतचा मजकूर असा : ‘पाण्यातलं नागाचं पिल्लू, फणा काढलाय, चावलं तर माणूस वाचत नाही.’ हे चूक आहे. तो साप विरोळा, म्हणजेच पाणदिवड. बिनविषारी.

गोंधळ होतो तो मानेमुळे. डिवचलं की विरोळा पुढचा भाग थोडा उचलतो आणि मान चपटी करतो. नागासारखा रुंद फणा त्याला येत नाही. जवळून पाहिलं तर डोळ्याखाली आणि डोळ्यामागे तिरक्या काळ्या रेघा दिसतात, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे ठिपके असतात आणि खवले खरखरीत. मासे आणि बेडूक हे त्याचं खाणं, म्हणून तळी, विहिरी, खाचरं सोडून तो फारसा लांब जात नाही.

चावतो मात्र जोरात. बारीक दातांनी रक्त येतं, माणूस घाबरतो आणि अफवेला बळ मिळतं. जखम साबण-पाण्याने धुवा.

पण पाण्यात दिसला म्हणजे विरोळाच, असं धरू नका; नागही छान पोहतो. साप ओळखता आला नसेल तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. आणि कृपा करून त्याला ठेचू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा आहे. घरात शिरला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करा.