खुलासा: तारीख मागे गेली म्हणजे मदरबोर्ड गेला असं नाही
डेस्कटॉपची तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्ड गेला, आणि त्यावरचा सेल काढला तर हार्ड डिस्क पुसली जाते, असा मेसेज फिरतोय. दोन्ही चुकीचं आहे. सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल घड्याळ चालू ठेवतो, बऱ्याच बोर्डांत बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंगही. फायली डिस्कवर असतात, त्यांना धक्का लागत नाही. दुरुस्तीला आलेल्या मशीनचा सेल मी आधी मल्टिमीटरवर बघतो: नवा ३ व्होल्टच्या किंचित वर, उतरलेला बराच खाली. बदलला की बहुतेक वेळा तारीख टिकते. मात्र प्लग काढूनच हात घाला, बायोस सेटिंगचे फोटो काढा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, आधीच हाताशी ठेवा. घाबरून लोक चांगले बोर्ड भंगारात देतील. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.