सुभेदारसाहेब, फौज तयार होती, सही नव्हती

सुभेदारसाहेब, नमस्कार. अनेक देशांच्या संयुक्त फौजा कागदावरच राहतात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर 'संयुक्त फौजा कागदावरच राहतात हे घरबसल्या लिहिणं सोपं आहे. नाटोचं दल प्रत्यक्ष गेलं, ते तुम्ही गाळलंत,' असं तुम्ही लिहिलंय. गाळलं, कबूल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसल्यावर नाटो या लष्करी आघाडीने आपलं झटपट प्रतिसाद दल सामूहिक संरक्षणासाठी पहिल्यांदा बाहेर काढलं. फ्रेंच आणि बेल्जियन जवान रोमानियात उतरले. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण माझा रोख युरोपीय संघाच्या 'बॅटलग्रुप'वर, म्हणजे संकटात झटपट पाठवायच्या संयुक्त तुकड्यांवर होता. एकेका गटात साधारण १५०० सैनिक, आळीपाळीने ड्यूटी, जानेवारी २००७ पासून पूर्ण सज्ज. आणि आजवर एकदाही मोहिमेवर नाही. २०१३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत बंडखोरांविरुद्ध धावून गेला तो एकटा फ्रान्स. कारण गट हलवायला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, आणि ज्याची ड्यूटी, खर्चाचा मोठा भार त्याच्याच खिशावर.

आमच्या मनीषनगरच्या बिल्डिंगमधली बोअरची मोटर मागच्या मे महिन्यात जळली. सोसायटीच्या खात्यात पैसे होते, मिस्त्री दारात उभा होता. पण चेकवर तिघांच्या सह्या लागतात, आणि तिसरे काका मुलाकडे पुण्याला! नऊ दिवस टँकर. नागपूरच्या उन्हात नऊ दिवस म्हणजे काय, ते कामठीत राहिलेल्या माणसाला मी काय सांगू?

तुम्ही दिलेला मालदीवचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. ३ नोव्हेंबर १९८८ ला बंड झाल्यावर तिथले तेव्हाचे अध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली, आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेले भारतीय पॅराचे (छत्रीधारी दलाचे) जवान मालेजवळच्या हुलुलेच्या धावपट्टीवर होते. मागणारा एक, ठरवणारा एक, फौज एकाच देशाची.

'मग कझाकस्तान?' असं विचाराल. जानेवारी २०२२ मध्ये दंगली उसळल्यावर तिथले अध्यक्ष तोकायेव यांनी हाक दिली आणि सीएसटीओ या रशियाप्रणीत लष्करी संघटनेचं सैन्य दुसऱ्याच दिवशी पोचायला लागलं. खरंय, पण त्यात बहुतेक रशियनच होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्मेनियाने त्याच संघटनेकडे मदत मागितली, तेव्हा सैन्य नाही, पाहणी करणारे आले. मॉस्कोची मर्जी नव्हती, एवढंच.

आता तुमची सूचना, सार्क म्हणजे भारत आणि शेजारच्या दक्षिण आशियाई देशांची अशी फौज असावी. काठमांडूला २०१४ मध्ये भरली, त्यानंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही, साहेब. सही घ्यायला जायचं कुठे?