उभ्या माणसाचे ऐंशी पॉइंट

ऐंशी! तेरा पानी रमीत हरणाऱ्याला एका डावात याहून जास्त पॉइंट बसूच शकत नाहीत, आणि ते मला परवा शुक्रवारी बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये अंधेरी यायच्या आत बसले. आमचा चौघांचा ग्रुप आहे. मांड्यांवर सावंतांची ब्रीफकेस, तिच्यावर दोन कॅट. पैसे लावत नाही. आठवड्यात ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त, त्याने शुक्रवारी चर्चगेटला उतरून सगळ्यांना वडापाव खिलवायचा. गुरुवारपर्यंत सावंत माझ्या साठ पॉइंटांनी पुढे होते, म्हणजे वडापाव त्यांच्या खिशातून निघणार हे ठरलेलंच होतं.

पानं उचलली तर तीन राण्या, दोन राजे, एक गुलाम. सगळा दरबार भरलेला, पण प्युअर सिक्वेन्सचा, म्हणजे जोकरशिवाय लागलेल्या एकाच जातीच्या ओळीच्या पानांचा, पत्ता नाही. आणि प्युअर नसेल तर तीन राण्यांना कुणी विचारत नाही, सगळी पानं मोजतात. काही भित्रे लोक इथेच वीस पॉइंट पत्करून पॅक करतात, म्हणजे डाव सोडतात. पण माझ्याकडे चौकटची पंजी-छक्की होती. चौकी किंवा सत्ती आली की गाडी रुळावर. सावंत माझ्या उजवीकडे, म्हणजे त्यांनी टाकलेलं पान उचलायचा हक्क माझा. त्यांच्या हातून चौकटची चौकी काढायची तर आपण आधी दुसरी चौकी टाकायची. समोरच्याला वाटतं, याला चौक्या नकोत, आणि तो बेफिकीर होतो. ही युक्ती जुनी आहे, पण सकाळच्या आठच्या गाडीत माणूस अर्धवट झोपेत असतो, तेव्हा चालते. मी चेहरा मख्ख ठेवून किलवरची चौकी टाकली. फेरी सावंतांपर्यंत आली. त्यांची बोटं एका पानावर गेली, पान अर्धं वर आलं...

आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला, "वाऽ! काय गळ टाकलाय साहेबांनी!"

दोन सीटांच्या मध्ये एक गृहस्थ उभा होता. पस्तिशीचा, सॅक पोटावर, एक हात कडीला. "किलवरची टाकून चौकटची मागवतायत. पंजी-छक्की घेऊन बसलेत ना!"

सावंतांचं पान सावकाश खाली गेलं.

"अहो, तुम्ही माझी पानं काय सांगताय?"

"कौतुक केलं साहेब. एवढं बारीक हल्ली खेळतं कोण?"

"पण माझी पानं बोललात तुम्ही!"

"दोनच बोललो. राण्यांचं मी काढलंच नाही."

समोरच्या म्हात्रेंनी टाकायला काढलेली राणी परत हातातल्या पानांत खोचली.

"जरा दुसरीकडे बघा ना."

"कुठे बघू? मान वळवायला जागा नाही. खाली बघितलं की तुमची पानं."

"वर बघा. पंखा आहे."

"बंद आहे. बंद पंख्यात काय बघायचं?"

यावर अख्खी खिडकी हसली. चौथ्या सीटवर अर्ध्याने टेकलेला एक म्हातारा तर टाळी द्यायला पुढे झाला.

मग त्याने आपली कहाणी सांगितली, न विचारता. तो मोबाइलवर पैशांची रमी खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. तेव्हापासून त्याचे हात शिवशिवतात. "१९६८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय साहेब, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात." हे खरंच आहे. पण दुसऱ्याच्या हातातली पानं लक्षात ठेवून डब्याला ऐकवावीत, असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही.

माणसाला खेळ कळत होता, हेच जास्त झोंबलं. जोकर अठ्ठी होती, तर मी सत्ती-नव्वी आधी टाकतोय का यावर त्याचं लक्ष. अठ्ठ्या सगळे जोकर म्हणून जपतात, मग शेजारची पानं कुणाच्या फारशी कामाची नसतात. मी इस्पिकची नव्वी हातात ठेवली तेव्हा त्याने जिभेने 'च्च' केलं. तेवढ्यावरून तिघांना माझी नव्वी कळली. आणि मग सगळ्यांदेखत, अगदी मायेने: "साहेब, आता मिडल ड्रॉप घ्या. चाळीसमध्ये सुटाल."

परक्या माणसाने भर डब्यात 'माघार घ्या' म्हटल्यावर कोणता स्वाभिमानी माणूस माघार घेईल? मी खेळत राहिलो. दोन फेऱ्यांत सावंतांनी शो केला, म्हणजे पानं लावून डाव जिंकला. मला न मिळालेल्या चौकटच्या चौकीला दुर्री आणि तिर्री येऊन भेटल्या होत्या. तीच त्यांची प्युअर.

या शहरात स्वतःचं असं काही राहिलेलंच नाही. पेपर उघडला की मागचा म्हणतो, पान उलटू नका, वाचतोय. बायकोचा मेसेज शेजारी आधी वाचतो, मग आपल्याकडे सहानुभूतीने बघतो. डबा उघडला की भाजी कोणती यावर चर्चा. फर्स्ट क्लासचा पास काढूनही तेच. फक्त डोकावणाऱ्याच्या अंगाला परफ्यूमचा वास. त्यात वाईट हे की तक्रार करणाराच खडूस ठरतो. म्हात्रे मला म्हणाले, "जाऊ दे रे, चांगला माणूस आहे." माझे ऐंशी कुणी जाऊ दिले नाहीत, ते वहीत लगेच चढले.

चर्चगेटला सावंत त्यालाही घेऊन आले. म्हणजे वडापाव पाच. वर सोमवारपासून त्याला खेळायला बोलावलं. "पण आपण चौघं आहोत," मी म्हटलं, "उभं कोण राहणार?" सावंत म्हणाले, "बघू की आळीपाळीने." आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तो मात्र वडेवाल्याकडे वळला होता. "भाऊ, सुकी चटणी अजून टाका. साहेब देतायत."