पोर्टफोलिओ विकत मिळतो म्हणे!

बुधवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. "तूच तिच्या डोक्यात हे नाटकाचं भरवलंस नं, आता तूच काढ." मागून भाचीचा चिडका आवाज, "जाऊ दे नं आई, मी फॉर्मच नाही भरत!" काय झालं म्हणून विचारलं, तर उत्तराऐवजी व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, आणि दुपारी चक्क आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर. तिथे दोघांनी खाली 'छान माहिती' असंही लिहिलं होतं. म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यांनीही वाचलं नव्हतं.

मथळा असा: 'नाटकाच्या टेक्निकल आणि डिझाईन कोर्सला मुलांना पाठवताय? सावधान!' खाली नऊ मुद्दे. ॲक्टिंग येत नसेल तर प्रवेश नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगला 'ए' ग्रेड लागतेच. एनएसडीत, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, बारावीनंतर थेट जाता येतं, तेव्हा बीए-बीकॉममध्ये वर्षं घालवू नका. तिथल्या डिप्लोमाला बाहेर किंमत नाही. परदेशात एक कोटी लागतात. हे मुलींचं काम नाही. नागपुरात राहून काही होत नाही. मोठमोठ्या लोकांनी कुठे डिग्र्या घेतल्या होत्या? आणि शेवटी या सगळ्यावरचा रामबाण उपाय, 'तज्ज्ञांनी बनवलेला तयार पोर्टफोलिओ, फक्त १८ हजारांत, सिलेक्शनची हमी'. त्याखाली मोबाइल नंबर. (पोर्टफोलिओ म्हणजे प्रवेशाच्या वेळी दाखवायची आपल्या कामाची फाइल.)

तिसऱ्या मुद्द्यात एनएसडीला पाठवा म्हणतो, चौथ्यात तिथल्या कागदाला किंमत नाही म्हणतो. लिहिणाऱ्याने स्वतःचंच वाचलेलं नाही, पण आमच्या भाऊजींनी मात्र दोन्ही मुद्दे एकदमच मनावर घेतले.

माझं सांगते. पोटासाठी बँकेत नोकरी, आणि सोळा वर्षं नागपूरच्या हौशी नाटकांचे लाइट. भाची यंदा बारावीला आहे. गेले दोन हिवाळे राज्य नाट्य स्पर्धेत ती माझ्या शेजारी, लाइट कमी-जास्त करायच्या डिमर बोर्डाजवळ बसून क्यू देते, म्हणजे कुठला लाइट कधी बदलायचा ते सांगते. अभिनयात तिला काडीचा रस नाही. तिला प्रकाशयोजना आणि नेपथ्य शिकायचंय. ताई-भाऊजींना त्यासाठी तयार करायला मला आठ महिने लागले होते. एका फॉरवर्डने सगळं मातीत.

आता आधी शेवटचा मुद्दा घेते, कारण खरा धंदा तिथे आहे आणि वरचे आठ मुद्दे त्या दुकानाची पायरी आहेत. भाऊजी ॲडव्हान्स भरायच्या बेतात होते. त्यांनी त्या नंबरवरून नमुन्याची पीडीएफ मागवून घेतली होती, ती मला पाठवली. बावीस पानं. चकचकीत थ्रीडी चित्रं, फिरता रंगमंच, धूर, जांभळा प्रकाश, एका चित्रात तर वाड्याच्या चौकात झुंबर. आठव्या पानावर ग्राउंड प्लॅन, म्हणजे मंचाचा वरून दिसणारा नकाशा. त्याच्यावर स्केल नाही, मध्यरेषा नाही. प्रेक्षक कुठल्या बाजूला बसलेत ते नाही. दार दाखवलंय, पण ते आत उघडतं की बाहेर ते नाही. सोफा विंगेला इतका चिकटवलाय की तिथून नट आत येणार कसा हे त्या तज्ज्ञालाच ठाऊक. पुढच्या पानावर लाइट प्लॉट, म्हणजे कुठला लाइट कुठून पडणार त्याचा नकाशा, म्हणून चाळीस गोल काढलेत आणि चाळीसच्या चाळीस समोरून. बाजूने एक नाही, मागून एक नाही. असे लाइट लावले तर नटाचा चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो, हे माझ्या भाचीला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.

पण चुका हा यातला छोटा भाग. समजा तो पोर्टफोलिओ निर्दोष असता, तरी काय? मुलाखतीला समोर बसलेला माणूस पान उलटून पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे असं का केलंस? इथे लाइटसमोर निळं जिलेटिन का? मंचावरच्या चौथऱ्याची ही लेव्हल नऊ इंचांचीच का? पहिला आराखडा कसा होता, तो का बदलला? विकतच्या कागदाला या प्रश्नांची उत्तरं नसतात. ती मुलगी तिथे अठरा हजार रुपये मांडीवर घेऊन गप्प बसेल. आणि तीच बावीस पानं आणखी किती मुलांनी नेली असतील कोण जाणे! परदेशातल्या विद्यापीठांत तर दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलेलं उघड झालं तर अर्जच बाद होऊ शकतो, मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

मग पोर्टफोलिओत असतं काय? भाचीची वही सांगते. मागच्या स्पर्धेत आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात डिमरचा एक चॅनल मेला. नेमका तोच, ज्यावर खिडकीतून येणारी संध्याकाळ होती. मी तारांशी झटापट करत होते. हिने हेडफोनवरून विंगेतल्या पोराला सांगून टेबलावरचा दिवा तीन वाक्यं आधी लावून घेतला आणि समोरचा एक स्पॉट तीस टक्क्यांवर आणला. प्रेक्षकांना पत्ता नाही. रात्री घरी गेल्यावर तिने क्यू शीटवर लाल पेनने लिहून ठेवलं: 'क्यू २३, ७ नंबर गेला, दिव्यावर भागवलं. संध्याकाळ जास्त खरी वाटली. पुढच्या प्रयोगाला असंच ठेवायचं का?' त्या पानावर चहाचा डाग आहे. माझ्या मते ते एक पान त्या बावीस पानांवर भारी आहे. त्याच्यासोबत ग्राउंड प्लॅन, अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाने चपलांच्या खोक्यात केलेलं मॉडेल, तालमीचे फोटो, फसलेला पहिला आराखडा, रंगमंच व्यवस्था केली असेल तर मार्जिनमध्ये खुणा केलेली संहिता. फोटोखाली आपण नेमकं काय केलं ते प्रामाणिकपणे लिहायचं. 'प्रकाशयोजना: मावशी, ऑपरेटिंग: मी' असं लिहिण्यात कमीपणा नाही. छपाई आणि फाइल मिळून पाचशे रुपयांत होतं.

दुसरं नुकसान करणारं वाक्य म्हणजे एनएसडीत बारावीनंतर थेट. हे धडधडीत खोटं आहे आणि मुलांचं वर्ष खाणारं आहे, कारण त्याच फॉरवर्डवाल्यांचा 'वर्षभर घरी बसून तयारी' असा वेगळा कोर्सही आहे! यावर मी भाऊजींशी वाद घातला नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं स्वतःचं प्रवेशाचं माहितीपत्रक काढून दिलं. तीन वर्षांच्या डिप्लोमासाठी पदवी लागते. शिवाय नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा लागतो. पदवी कशातली ते विचारत नाहीत, बीकॉम चालतं, बीएस्सी चालतं. आधी निरनिराळ्या शहरांत प्राथमिक चाचणी होते, त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा, मग निवड. म्हणजे कॉलेजची तीन वर्षं 'घालवायची' नाहीत, तीच तर प्रवेशाची पहिली अट आहे. त्या तीन वर्षांत नाटकं करायची, झालं.

त्याच माहितीपत्रकाने चौथा मुद्दाही निकालात निघतो. भारतीय विद्यापीठ संघाने हा डिप्लोमा कॉलेजात शिकवण्याच्या नोकरीसाठी एमएच्या बरोबरीचा मानलेला आहे. संस्था केंद्राच्या पैशावर चालते आणि निवड झालेल्या मुलांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. किंमत नाही म्हणे. जागा मूठभर आणि अर्ज देशभरातून, हा खरा त्रास आहे, पण त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

आता ॲक्टिंगचं. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक नाट्यविभागांत नेपथ्य-प्रकाशाला वेगळं दार नाही, नाटकाच्या दारातूनच आत जावं लागतं. एनएसडीतही पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं, विषय निवडायचा तो नंतर. त्यामुळे परीक्षेत उभं राहून चार वाक्यं बोलता आली पाहिजेत, शरीर लाकडासारखं असून चालत नाही. पण 'ॲक्टिंग येत नसेल तर प्रवेश नाही' आणि 'चार लोकांत उभं राहता आलं पाहिजे' यात फरक आहे. अमेरिकेत पदवीला डिझाईन किंवा तंत्र निवडलं तर तिथे सहसा स्वगत म्हणायला लावत नाहीत. पोर्टफोलिओ बघतात आणि मुलाखत घेतात.

ड्रॉइंगच्या 'ए' ग्रेडचं कुणीतरी भलतंच भलत्याला जोडलंय. राज्यात बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, जायचं तर एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असतात आणि तिथे हात चांगला हवा. आपल्या नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाची वाटही तीच. नेपथ्याकडे जायला हा एक उत्तम रस्ता आहे. पण नाट्यविभागाला चित्रकलेची ग्रेड लागत नाही. तिथे माणूस खुर्चीपेक्षा उंच दिसेल आणि सुताराला माप कळेल इतपत रेघ पुरते.

एक कोटीचं म्हणाल तर पदवीसाठी अमेरिका महाग आहे, शिष्यवृत्तीशिवाय आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये, हे मीच भाचीला सांगितलंय. पण 'परदेश म्हणजे कोटी' हे सरसकट विधान चूक. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत २०२१पासून शिक्षणशुल्कच नाही. डेव्हिड गेफेन यांनी १५ कोटी डॉलर दिले, शाळेला त्यांचं नाव लागलं आणि सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची फी गेली. तिथे नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी, तांत्रिक निर्मिती, सगळं शिकवतात. अर्थात ते पदवीनंतरचं शिक्षण, राहण्या-खाण्याचा खर्च असतोच आणि प्रवेश मिळणं म्हणजे सुईच्या छिद्रातून जाणं. पण रस्ता आहे.

मुलींचं काम नाही, यावर मी काय बोलू? गेली सोळा वर्षं शिडीवर चढून मंचावरच्या लोखंडी बारला लाइट बांधणारी बाई हे टाइप करून राहिली आहे. रात्री दीडला सेट उतरवून दुचाकीवर एकटीने घरी येणं मलाही आवडत नाही, तेवढं कबूल. त्याची सोय करायची असते, शिक्षण रद्द करायचं नसतं.

मोठ्यांनी कुठे डिग्र्या घेतल्या, हा मुद्दा दिसायला बिनतोड आहे. फॉरवर्डमध्ये प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं नाव दिलंय. बरोबर आहे, प्रकाशाने मंचावर कोळशाच्या खाणीत पाणी भरणारा हा माणूस कुठल्या नाट्यशाळेतून आला नव्हता. पण एनएसडी स्थापन झाली १९५९ साली, तोवर तापसबाबू कलकत्त्यात नाव कमावून बसले होते. जी शाळा नव्हतीच तिच्यात ते गेले नाहीत, हा शाळेविरुद्धचा पुरावा कसा होतो? आणि आपल्याच भानू अथय्या, कोल्हापूरच्या, वेशभूषेसाठी ऑस्कर घेणाऱ्या. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात रीतसर शिकल्या होत्या. एक अर्धसत्य मात्र गिळते: हौशी नाटकात तंत्रज्ञाला मिळणारे पैसे सांगायला लाज वाटेल इतके कमी असतात आणि पदवीने ते आपोआप वाढत नाहीत. मी अजून बँकेत आहे ती उगाच नाही.

राहिलं नागपूर. शिकायला घर सोडावं लागेल, हे मान्य. पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकाची बीए करता येते, मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशाळेत पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यविभाग आहे. पण अर्ज करण्याआधीचं काम इथे भरपूर मिळतं. स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशाला, रंगभूषेला वेगळी बक्षिसं असतात आणि प्रत्येक संस्थेला बॅकस्टेजला माणसं कमीच पडतात. आणि अडीच-तीन तासांवर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा आहे! दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, रात्ररात्र नाटकं चालतात, धानाच्या बांधीत मंच उभा होतो, सकाळी उतरतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या लोकांना हे नाव पहिल्यांदा ऐकू आलं. एक रात्र तिथे विंगेत उभं राहून पडदे कसे बदलतात ते बघा, मग सांगा विदर्भात काही नाही म्हणून.

शनिवारी ताईकडे गेले. माहितीपत्रकाच्या प्रतीवर भाऊजींनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या, ॲडव्हान्स भरला नव्हता. भाचीने जेवणाच्या टेबलावर नवा ग्राउंड प्लॅन पसरला. त्यातलं दार अडचणीचं, उघडलं की थेट विंगेचा रस्ता अडवणारं. मी बोट ठेवलं तर ती खोडरबर घ्यायला उठली. म्हटलं, खोडू नको. तारीख घाल, बाजूला दुसऱ्या कागदावर नवीन काढ, आणि दोन्ही फाइलला लाव.

"चुकीचं पण?"

"चुकीचं आधी," म्हटलं.