आडात आहे, पण पोहरा गळका

जांभ्याच्या एका तपासणी-अहवालाबरोबर सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दगडाची पूड हायड्रोफ्लुओरिक, नायट्रिक, परक्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक या चार आम्लांत तापवली की शंभर टक्के विरघळते, द्रावण नितळ दिसलं म्हणजे मागे काही उरलं नाही, प्रमाण नमुन्याचे (ज्यातली मूलद्रव्यं किती हे आधीच नेमकं माहीत असतं अशा दगडाचे) आकडे जुळले म्हणजे अहवाल पक्का, आणि अहवालात जे नाही ते दगडातही नाही. वर टोला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" प्रयोगशाळेत टेफ्लॉनच्या पेल्यांपुढे बरीच वर्षं काढल्यामुळे मला हे वाचून गप्प बसवेना.

"शंभर टक्के विरघळते." बहुतेक सिलिकेट खनिजांपुरतं हे ठीक. काळ्या कातळातलं, म्हणजे बेसाल्टातलं, फेल्डस्पार, पायरॉक्सीन हायड्रोफ्लुओरिकपुढे टिकत नाही. त्यातलं सिलिकॉन तर वायू होऊन उडूनच जातं. क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज), झिरकॉन (झिरकोनियमचं), रुटाइल (टायटॅनियमचं) यांची गोष्ट वेगळी. हॉटप्लेटवरच्या उघड्या पेल्यात ही खनिजं अर्धवट विरघळतात, कधी तेवढीही नाही. कणकवलीजवळ जानवली-वागदे परिसरात क्रोमाइट आहे हे तिथल्या लोकांना सांगायला नको. तिथल्या दगडाचं क्रोमियम या पद्धतीने कमी आलं, तर आधी पेल्याच्या तळाशी बघावं.

"द्रावण नितळ होतं." हा मुद्दा मला सगळ्यात फसवा वाटतो. हिशोब करून बघा. 0.1 ग्रॅम पूड घेतली आणि तिच्यात झिरकोनियम दर दशलक्ष भागांत 200 भाग आहे, म्हणजे एकूण 20 मायक्रोग्रॅम. झिरकॉनमध्ये वजनाने साधारण निम्मं झिरकोनियम असतं, म्हणून झिरकॉन झाला 40 मायक्रोग्रॅम. 50 मायक्रॉन बाजूचे घनाकार कण धरले तर हे सगळं मिळून जेमतेम 70 कण. तेही रंगहीन. डोळ्यांना दिसणार काय, कपाळ? ते 70 कण तळाशी राहिले की झिरकोनियम गेलं, हाफ्नियम गेलं, जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचाही वाटा गेला.

बरं, खनिज विरघळलं तरी सुटका नाही. हायड्रोफ्लुओरिकमुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमची फ्लुओराइडं तयार होतात आणि साका धरून खाली बसतात. जाताना दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आणि थोरियमला सोबत घेऊन जातात. म्हणून तर शेवटी परक्लोरिकचा पांढरा धूर निघेपर्यंत आटवून फ्लुओराइड हाकलायचं असतं. बंद टेफ्लॉन-बॉम्बमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, झिरकॉन वठणीवर येतो, पण आपल्या जांभ्यासारख्या ॲल्युमिनियम भरपूर आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम नगण्य असलेल्या दगडात तिथे ॲल्युमिनियम फ्लुओराइड जमतं, आणि ते फोडणं फार जड जातं. त्यावर विरघळवतानाच थोडं मॅग्नेशियम घालण्याची युक्ती आहे. बेसाल्टवर हात बसलेला माणूस जांभ्यावर फसतो तो इथे.

"अहवालात नाही ते दगडात नाही." काही मूलद्रव्यं तळाशी राहत नाहीत, सरळ धुराड्यातून निघून जातात. जर्मेनियमचं क्लोराइड 100 अंशांच्या आतच उकळतं, त्रिसंयुजी आर्सेनिकचं 130 अंशांच्या आसपास. नायट्रिकने आर्सेनिकचं आधी नीट ऑक्सिडीकरण केलं तर ते बरंचसं टिकतं, म्हणजे कुठलं आम्ल आधी ओतलं यावरही आकडा ठरतो. पारा उघड्या पेल्यात शोधूच नये. आणि परक्लोरिकचा धूर चालू असताना त्यात क्लोराइड असेल तर क्रोमियमसुद्धा क्रोमिल क्लोराइड होऊन उडतं. म्हणजे क्रोमियमला पळायला दोन वाटा, एक खाली आणि एक वर! "शंका असेल तर ताप वाढवा" असा सल्लाही त्या मजकुराखाली कुणीतरी दिलाय. उघड्या पेल्याचा ताप वाढवून उडणारं जास्तच उडेल.

"प्रमाण नमुना जुळला." कुठला? अशा कामात बहुधा हवाईचा बेसाल्ट, बीएचव्हीओ-2, वापरतात. नमुना उत्तमच आहे, पण बेसाल्टात झिरकॉन जवळजवळ नसतोच. सोप्या पेपरात पास झालात, एवढंच त्यातून कळलं. द्रवरूपात मूलद्रव्य घालून ते परत किती मिळतं हे बघण्याचंही तसंच: उडून गेलेलं त्यात पकडता येतं, न विरघळलेल्या कणांबद्दल ती चाचणी मुकी असते.

चार आम्लांची पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. काळ्या कातळातलं तांबं, जस्त, कोबाल्ट मोजायला मी आजही तीच वापरेन. जांभ्याच्या त्या अहवालात मात्र झिरकोनियम आणि क्रोमियमचे आकडे त्याच पुडीच्या एक्सआरएफ (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) आकड्यांशेजारी ठेवायला हवे होते. एक्सआरएफला दगड विरघळवावा लागत नाही. तफावत निघाली तर क्रोमाइटसाठी सोडियम पेरॉक्साइडबरोबर आणि झिरकॉनसाठी लिथियम बोरेटबरोबर पूड वितळवून पुन्हा मोजायचं. आर्सेनिकसाठी वेगळी पूड, वेगळा पेला; लिथियम बोरेटच्या भट्टीत तेही टिकायचं नाही.