हीटर चालू असताना गॅरेजमधला पंखा बंदच ठेवावा काय?

थंडीच्या दिवसांत गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘हीटर चालू असताना पंखा लावू नका. पंख्याने हवा थंड होते, गरम हवा आपोआप सगळीकडे पसरते, पंख्याला वीज लागते ती वेगळीच, आणि पंखा उलटा फिरवण्याची सोय ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे.’ अनेकजण तो प्रामाणिकपणे पुढे पाठवतात. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान तपासून पाहिले की ढासळते, आणि तो पाळणारा माणूस गार पडलेल्या पायांनी जास्तीचे बिल भरत राहतो.

पंख्याने हवा थंड होते, हे पहिले विधान. चालू पंख्यासमोर कोरडा तापमापक धरला, तर पारा खाली येत नाही. थंड वाटते ते आपल्या त्वचेला. त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असते, तिच्यालगत उबदार हवेचा एक पातळ थर साचलेला असतो, आणि वाऱ्याचा झोत तो थर उडवून लावतो. घाम असेल तर तोही लवकर सुकतो. म्हणजे खोलीतील उष्णता कमी झालेली नसते, अंगातील उष्णता बाहेर पडण्याचा वेग वाढलेला असतो. यावरून काढण्याजोगा निष्कर्ष इतकाच की झोत अंगावर घेऊ नये. पंखाच लावू नये, हा नव्हे.

गरम हवा आपोआप पसरते, हे दुसरे विधान, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ इथेच आहे. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंशांच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलो भरते, तर ३० अंशांच्या हवेचे सुमारे १.१६ किलो. फरक लहान दिसतो, पण गरम हवा छताखाली जाऊन तिथेच थर धरून राहण्यास तो पुरेसा असतो. थंड फरशी आणि थंड दार यांना लागून असलेली जड हवा खालीच बसते. तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बहुधा छातीच्या उंचीवर असतो. त्याला ही खालची गार हवा जाणवते आणि तो हीटर चालूच ठेवतो.

इथे पंख्याची बाजू घेणाऱ्यांचीही एक चूक दाखवली पाहिजे, कारण ‘छताशी साठलेली उष्णता खाली आणा’ असे ते म्हणतात तेव्हा तो साठा फार मोठा आहे असा समज होतो. सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद गॅरेजमध्ये छताखालचा एक मीटर जाडीचा थर खालच्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असला, तर त्यातील जास्तीची उष्णता सुमारे ४२० किलोज्यूल भरते. पाच किलोवॉटचा हीटर तेवढी दीड मिनिटाच्या आत देतो. खरा लाभ साठ्यात नाही, गळतीत आहे. छतातून बाहेर जाणारी उष्णता ही छताखालची हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर शून्य अंश, कामाच्या टेबलाशी १६ आणि छताखाली २८ अंश असतील, आणि हवा ढवळल्याने टेबलाशी १६ कायम राहून छताखाली १८ च राहिले, तर छतातून होणारी गळती एक तृतीयांशाहून अधिक घटते. ज्या गॅरेजच्या छताला उष्णतारोधक थर नाही, तिथे ही बचत सर्वाधिक जाणवते.

विजेचा मुद्दा लवकर आटोपतो. मंद गतीने फिरणारा छताचा पंखा शंभर वॉटहूनही कमी वीज घेतो, तर हीटर हजारो वॉट. शिवाय पंख्याने घेतलेली वीजही अखेर त्याच खोलीत उष्णता होऊन राहते.

उलट्या फिरकीला युक्ती म्हणणेही अन्यायाचे आहे. पंखा उलटा आणि मंद फिरवला की तो मधली हवा वर ओढतो, ती छताला लागून भिंतींकडे सरकते आणि भिंतींच्या कडेने खाली उतरते. हवा मिसळते, पण झोत थेट डोक्यावर येत नाही. छतालगत वर सरकणाऱ्या दाराचे रूळ असल्याने तिथे पंखा बसत नसेल, तर उभा पंखा कोपऱ्यात ठेवून त्याचे तोंड वर छताकडे करावे.

मूळ सल्ल्यात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. दाराला फटी असतील आणि झोत त्या पातळ, थंड पत्र्यावर सरळ आदळत असेल, तर गळती वाढते. म्हणून आधी फटी बुजवाव्यात. उष्णतेचे किरण फेकणारा (रेडियंट) हीटर हवेऐवजी समोरच्या वस्तू आणि माणसे थेट तापवतो, त्यामुळे तिथे पंख्याचा उपयोग बेताचा असतो.

मात्र त्या सल्ल्यात जिथे खरोखर ‘नको’ म्हणायला हवे होते, तिथे तो गप्प आहे, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते. धुराडे नसलेला गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर बंद गॅरेजमध्ये जाळला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पंखा तो बाहेर काढत नाही, फक्त सगळीकडे मिसळतो. एक किलो प्रोपेन गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफही होते, जी थंड भिंतींवर आणि अवजारांवर दव होऊन बसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत पसरते. सांडलेले पेट्रोल आणि उघडी ज्योत एकाच जागी असतील, तर पंख्याने ती वाफ ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. तिथे आधी हीटर विझवावा आणि दार उघडावे.

ज्यांना अजूनही शंका आहे, त्यांनी एक तापमापक छताखाली आणि दुसरा गुडघ्याच्या उंचीवर टांगावा. हीटर तासभर चालू ठेवून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत, मग पंखा मंद गतीवर लावून अर्ध्या तासाने ते पुन्हा वाचावेत.